पाठमोरी बेगम

प्रेमराज देवरे यांचा एक सिद्धान्त होता: खरे बोलणारा अडखळत नाही. अमळनेरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना त्यांनी तो इतक्या पिढ्यांना ऐकवला होता की, तोंडी परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी प्रश्नापेक्षा आपल्या जिभेलाच अधिक भीत. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याचे वाक्य क्रियापदापर्यंत सुखरूप पोहोचते, ज्याने वाचलेले नाही त्याचे वाटेत कुठेतरी बसकण मारते, असे ते म्हणत. आणि कोणी आक्षेप घेतलाच, तर आक्षेप घेताना तो कुठे अडखळला हे त्याला दाखवून देत. या युक्तिवादाला कोणापाशी उत्तर नसे. उत्तर नाही म्हणून तो खरा, असे त्यांना पुढे पुढे वाटू लागले होते.

पत्नीविषयी त्यांना संशय आला तो मात्र वाक्यावरून नव्हे, नळावरून. गावात दुकानांच्या जाहिराती ऐकवत एक रिक्षा फिरे. तिच्या भोंग्यातला आवाज दीपक पवार नावाच्या गृहस्थाचा होता. साड्यांचा सेल असो, डोळे तपासणीचे शिबिर असो की हरवलेली म्हैस असो, तो आवाज प्रत्येक गोष्टीला सारखीच ओढ लावी. कामिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत असली आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली, की नळ बंद होई. रिक्षा वळून गेली की तो पुन्हा सुरू होई. प्रेमराजांनी हा प्रथम योगायोग मानला, मग निरीक्षण मानले आणि पावसाळा सरता सरता पुरावा मानला.

शेजारच्या शेवंताबाईंनी त्यात भर घातली. सर कॉलेजात असताना दीपक घरी येऊन गेला, हातात माइक होता, असे त्यांनी कुंपणावरून सांगितले आणि वर आपल्याला काय करायचे म्हणाल्या. कामिनीने मात्र ही गोष्ट आधीच सांगून टाकली होती. साडीच्या दुकानाला बाईचा आवाज हवा होता, तो तिने दिला. लग्नाआधी ती आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर श्रुतिकांमध्ये काम करत असे. लग्नानंतर ते सुटले. कोणामुळे सुटले यावर दोघांचे एकमत नव्हते, आणि त्या घरात मत एकाचेच विचारले जाई.

सरळ विचारणे प्रेमराजांना शक्य होते. परंतु ती 'नाही' म्हणाली असती तर त्यांनी विश्वास ठेवला नसता, आणि 'हो' म्हणाली असती तर विश्वास ठेवून पुढे काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांत आपलीच हानी आहे तो प्रश्न विचारू नये, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. त्यांना उत्तर हवे होते; प्रश्न नको होता.

ती सोय तोताराम नानांनी केली. नाना कापसाचे व्यापारी. धुळे-जळगाव भागात अहिराणी विनोदी चित्रफिती मोबाइलवर लाखो लोक पाहतात, हे कळल्यापासून त्यांनीही एक वाहिनी काढली होती. कुठल्याशा वितरकाकडून त्यांना एक जुना उर्दू चित्रपट हक्कांसह मिळाला. त्यातल्या माणसांच्या तोंडी काहीतरी गमतीचे अहिराणी घालून द्यावे, असे ते सरांना म्हणाले. प्रेमराजांनी चित्रपट पाहिला आणि गमतीला साफ नकार दिला. एका जुन्या नगरातला बॅरिस्टर, त्याची बेगम आणि बेगमेला सतार शिकवणारा उस्ताद, अशी ती कथा होती. बेगम उस्तादावर प्रेम करते, घर सोडून जाते, उस्ताद तिला सांभाळू शकत नाही, आणि अखेर ती नवऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन त्याचे पाय धरते. अहिराणीला आजवर केवळ हसवायला लावले आहे, तिला रडवताही येते हे एकदा सिद्ध झाले पाहिजे, असे प्रेमराजांनी नानांना पुष्कळ वेळ पटवले. नानांना पटले नाही, पण ते दमले.

मग भूमिका ठरल्या. बॅरिस्टरचा आवाज प्रेमराजांनी स्वतःकडे घेतला. बेगमेसाठी त्यांनी कामिनीचे नाव सुचवले, आणि उस्तादासाठी दीपकचे. दोन्ही नावे त्यांनी एकाच श्वासात आणि न अडखळता उच्चारली.

ध्वनिमुद्रण नानांच्या जुन्या गोदामात होई. कापसाच्या दाबलेल्या गाठी छतापर्यंत रचून मध्ये एक खोली केली होती. आवाज गिळण्यात कापसाचा हात धरणारे दुसरे काही नाही, आणि गाठी फुकटच पडल्या होत्या. आत माइक, समोर पडदा, एका बाजूला काचेची खिडकी. बाहेर टेबलाशी किरण बसे. तो पूर्वी लग्नातल्या बँडचा ध्वनिसंयोजक होता आणि मोठ्या आवाजाला कंटाळून या धंद्यात आला होता. त्याच्या शेजारी, कानाला हेडफोन लावून, प्रेमराज.

पात्राचे तोंड पडद्यावर दिसत असेल तर त्याच्या ओठांच्या मापाचेच वाक्य लिहावे लागते. प्रेमराजांनी ही मापे चोख घेतली. मात्र जिथे तोंड दिसत नव्हते तिथे त्यांनी आपली लेखणी मोकळी सोडली. प्रेमाच्या प्रसंगात बेगम चिकाच्या पडद्याआड उभी होती. मूळ उर्दूत ती एवढेच म्हणे, की तुमची सतार ऐकली की मला काम सुचत नाही. प्रेमराजांनी लिहिले: "तुना आवाज उना का मना हात थांबी जातस." तुझा आवाज आला की माझे हात थांबतात. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले, आणि त्यांना निर्मितीचा आनंद झाला.

कामिनीने माइकसमोर कागद उचलला, ते वाक्य पाहिले आणि काचेआड बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. मग तिने वाचायला सुरुवात केली. 'आवाज'पाशी ती थांबली. दुसऱ्या खेपेला 'हात'पाशी थांबली. तिसऱ्या खेपेला वाक्य पुरे झाले, पण शेवटचा शब्द इतका खाली गेला की किरणने मान हलवली. शेजारी उभ्या दीपकची गत त्याहून वाईट होती. त्याचे उत्तर होते "तुनाबिगर माले करमत नही", आणि ते त्याच्या तोंडून दर वेळी नव्या स्वरात चुकत होते.

"दीपकराव," प्रेमराज माइकवरून शांतपणे म्हणाले, "बाई चिकाआड उभी आहे. साड्यांचा सेल नाही हा. परकर मोफत द्यायचा नाही तिला."

किरण हसला. दीपकही हसला, कारण हसल्यावाचून इलाज नव्हता. कामिनी कागद पाहत राहिली.

दिवसामागून दिवस तोच प्रसंग चालला. प्रेमराजांनी दोघांना जवळ उभे केले, दूर उभे केले, पाठीला पाठ लावून उभे केले. दीपकला घाम येई; गाठींच्या त्या खोलीत पंखा लावता येत नसे, त्याचा आवाज मुद्रणात येतो. त्याला पाणी हवे असे तेव्हा प्रेमराज म्हणत, की हा टेक झाल्यावर. टेक होत नसे. आणि दोन खेपांच्या मधल्या वेळात माइक मुद्दाम चालू ठेवून प्रेमराज हेडफोनमधून ऐकत बसत. दोघे एकमेकांशी एक अक्षरही बोलत नसत. चहाचे नाही, उकाड्याचे नाही, सरांच्या तिरसटपणाचेही नाही.

यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या सिद्धान्ताशी तंतोतंत जुळणारा होता. या दोघांमध्ये काही असते तर ही वाक्ये वाहिली असती. ती अडखळतात, कारण ती खोटी आहेत. मधल्या वेळात ते गप्प असतात, कारण त्यांना बोलण्यासारखे काही नाही. एवढा स्वच्छ निर्णय न्यायालयातही क्वचित मिळतो, असे त्यांना वाटले.

मग त्यांनी आणखी एक प्रयोग केला. निष्कर्ष हाती आल्यावर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दीपकचा आवाज भोंग्याच्या लायकीचा आहे, माइकच्या नाही, असे त्यांनी नाना, किरण आणि कामिनी यांच्यादेखत जाहीर केले आणि त्याला घरी पाठवले. दीपक जाताना म्हणाला, "येतो, वहिनी." कामिनीने मान डोलावली. उस्तादाची भूमिका प्रेमराजांनी स्वतःकडे घेतली. नवरा आणि प्रियकर, दोन्ही आवाज एकाचेच झाले. नानांनी विचारले, की लोकांना कळणार नाही का. प्रेमराज म्हणाले, एकाचा सूर मी वर लावीन.

ते काचेआडून उठले आणि माइकसमोर, कामिनीच्या शेजारी उभे राहिले. किरणने खूण केली. कामिनीने कागद खाली ठेवला आणि नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुना आवाज उना का मना हात थांबी जातस."

एका दमात. शेवटच्या शब्दापर्यंत वाक्य भरलेले, गोल, जरासे थरथरते. किरणने टेबलामागून अंगठा दाखवला. प्रेमराजांनी वरचा सूर लावून आपले उत्तर दिले, आणि तोच टेक ठेवला गेला.

राहिला शेवटचा प्रसंग. मूळ चित्रपटात बेगम बॅरिस्टरच्या पायांशी बसलेली आहे आणि कॅमेरा तिच्या पाठीमागे आहे. तिचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. उर्दूत ती तीन लहान वाक्ये बोलते. पण पाठमोऱ्या बाईला ओठ नसतात. तिच्या तोंडी वाटेल तेवढे घालता येते. दृश्य संपेपर्यंत जितके मावेल तितके प्रेमराजांनी घातले. मूळ बेगमेने क्षमा मागितली होती. प्रेमराजांच्या बेगमेने मार मागितला, उपास मागितला, उंबऱ्याबाहेरची जागा मागितली. दीपकविषयीचा संशय तोवर फिटला होता, तरी हे पान त्यांनी बदलले नाही. लिहिलेले चांगले होते.

कामिनीने ते एकदा मनात वाचले. मग डोळे मिटून बोलली:

"मना हातथीन चूक हुई गयी. माले मारा, माले उपाशी ठेवा, पन घरबाहेर काढू नका. तुमना पायजोगे जागा द्या. तुमनाशिवाय माले कोन शे?"

तुमच्या पायांपाशी जागा द्या, तुमच्याशिवाय मला कोण आहे. पुढचेही सारे ती तशीच बोलली, पान संपेपर्यंत, जिथे हुंदका हवा तिथे हुंदका देऊन. किरणने हेडफोन काढून डोळे पुसले. नाना गोदामाच्या दारात उभे होते. त्यांनी टोपी सारखी केली. प्रेमराजांनी बॅरिस्टरचे उत्तर दिले, "ऊठ, तुनं घर शे हाई," म्हणजे हे घर तुझे आहे, आणि तेही पहिल्याच खेपेस बरोबर आले.

त्या दिवशी निघताना त्यांनी किरणला एक सूचना केली, जी ते नेहमीच करत. जे ठेवायचे ते ठेव, फसलेले सगळे पुसून टाक. अर्धवट काही मागे राहू नये. किरणने त्यांच्यासमोरच पुसले.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. दुपारी कामिनी भरितासाठी भाजलेल्या वांग्यांची साले सोलत ओट्याशी उभी होती. प्रेमराज खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात बसले, जिथे ते कधी बसत नसत, आणि त्यांनी तिला सगळे सांगितले. नळ, रिक्षा, शेवंताबाई, गोदाम. त्या वाक्यात हात कुठून आले. दीपकला का घेतले आणि का काढले. त्यांना हे लपवून ठेवता आले असते. पण ज्या परीक्षेत आपण इतके उत्तम परीक्षक ठरलो ती परीक्षा होती हे निदान परीक्षार्थ्याला तरी कळावे, असे त्यांना वाटले. शेवटी त्यांनी निकाल सांगितला. तू निर्दोष आहेस, ते म्हणाले. त्याच्याशी बोलताना तू अडखळलीस. माझ्याशी बोलताना एकदाही नाही.

कामिनीने बोटांना चिकटलेले काळे साल भांड्याच्या काठाला पुसले.

"तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "जे खोटं असतं ना, ते मला एका दमात येतं. सवय आहे. या घरात आल्यापासून रोजची आहे. खरं बोलायची वेळ आली की मी अडते."

प्रेमराजांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी विचारले, म्हणजे दीपक.

"तुम्हीच ठरवा की. परीक्षक तुम्ही."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. ते विचारणार होते; पण त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आली. दिवाळीनिमित्त कुठल्याशा दुकानात भांड्यांवर सूट होती, आणि ती दीपकच्या आवाजात होती. कामिनीचे हात वांग्याने भरले होते म्हणून नळ वाहत होता. तिने कोपराने नळ बंद केला. या वेळी ती नवऱ्याकडे पाहत होती. रिक्षा वळेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग नळ सोडून तिने हात धुतले आणि भरितात मिरची घातली.

प्रेमराजांनी चपला घातल्या आणि ते तडक गोदामावर गेले. त्यांना ते फसलेले टेक हवे होते. ती नेमकी कुठे थांबली, थांबण्याआधी श्वास कसा घेतला, त्या मौनात संकोच होता की कंटाळा, हे एकदा, फक्त एकदा, आता नव्या कानांनी ऐकायला हवे होते. किरण गाठीला टेकून डबा खात होता.

"सर, ते तर तुम्हीच पुसायला लावलं."

प्रेमराजांनी विचारले, कुठे एखादी प्रत तरी.

"तुम्ही म्हणता ना, अर्धवट काही मागे राहू नये." किरणने भाकरीचा घास पुढे केला. "बसा, जेवा. वहिनींचा शेवटचा टेक ऐकायचा का? तो आहे. कितीदाही ऐका."

ते ऐकायला बसले नाहीत. परतताना कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीजवळ त्यांची पावले मंदावली, कारण त्यांच्या बुद्धीने, जी त्यांना कधीही स्वस्थ बसू देत नसे, एक आक्षेप काढला होता. जे खोटे ते मला एका दमात येते, असे कामिनी म्हणाली. हे वाक्यही ती एका दमातच म्हणाली होती. मग तेही खोटे असले पाहिजे. पण ते खोटे असेल तर जुना सिद्धान्त खरा, आणि जुना सिद्धान्त खरा असेल तर न अडखळता बोललेले तेही वाक्य खरेच. त्यांनी हा आक्षेप पुढून तपासला, मागून तपासला. तो निर्दोष होता. आयुष्यात त्यांना सुचलेला सर्वांत निर्दोष युक्तिवाद तोच असावा, आणि त्यातून बाहेर पडायला दार नव्हते.

चित्रपट नानांच्या वाहिनीवर आला. पहिला भाग कोणी फारसा पाहिला नाही, पण पाठमोऱ्या बेगमेचा प्रसंग खानदेशभर पसरला. नंदुरबारपासून चाळीसगावपर्यंत नव्या नवऱ्या तो आवाज लावून आपल्या चित्रफिती करू लागल्या. नवरा खुर्चीत, बायको पायाशी, आणि वर कामिनीचा आवाज. महाविद्यालयाच्या फाटकाशी मुले प्रेमराजांना पाहून आपापसांत हळूच म्हणत, पायजोगे जागा द्या. सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. अशी बायको असल्यावर माणसाला आणखी काय हवे, असे एक जण म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले होते.

कामिनीच्या माहेरी, नरडाण्याजवळच्या गावी, देवळासमोर मोठे कापड बांधून चित्रपट दाखवण्याचे ठरले. लेक आणि जावई दोघांना आग्रहाचे बोलावणे आले. प्रेमराजांनी दोन कारणे काढली. कामिनीने दोन्हींना त्यांच्यासमोरच गोड शब्दांत उत्तरे दिली, आणि ते गेले.

संध्याकाळी मैदान भरले. शेवटच्या प्रसंगाला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दिवे लागल्यावर कामिनीची चुलती, कमलबाई, गर्दीतून वाट काढत जावयापाशी आली आणि तिने त्यांच्यावरून हात ओवाळून बोटे मोडली.

"मोठं नशीब शे तुमनं, जवाईबापू," ती म्हणाली.

मग कोणीतरी म्हणाले, की कामिनीने ते इथे समोर बोलून दाखवावे. सगळ्या गावाने ते उचलून धरले. प्रेमराज म्हणाले की आता उशीर होतो आहे. पण तोवर पुढच्या माणसाने उठून त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी केली होती, आणि त्यांना खांद्याला धरून तिच्यात बसवण्यात आले होते. कामिनी पुढे आली. पदर सावरून ती त्यांच्या पायांशी बसली.

पडद्यावरची बेगम पाठमोरी होती. ही समोर होती, दिव्याच्या उजेडात, हाताच्या अंतरावर. तिच्या चेहऱ्यावर आता तरी काही दिसेल म्हणून ते वाकले. ती बोलू लागली, आणि पहिल्याच वाक्याला तिच्या दोन्ही डोळ्यांत पाणी भरले. माले मारा. माले उपाशी ठेवा. पान जसे लिहिले होते तसे, एक काना इकडे-तिकडे न होता, पुढे चालले. आणि डोळ्यांतले ते पाणी खरे होते, खारे होते, गालावरून उतरून त्यांच्या पावलावर पडले तेव्हा कोमटही होते. त्यावरून काहीच कळत नव्हते. तुमनाशिवाय माले कोन शे, एवढे म्हणून ती थांबली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहत राहिली.

आता बॅरिस्टरचे वाक्य होते.

प्रेमराजांनी तोंड उघडले. "ऊठ," ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "ऊठ, तुनं," आणि पुन्हा थांबले. घर हा शब्द त्यांना येत होता. तो त्यांनीच लिहिला होता.

मागून कोणीतरी हसले, प्रेमाने. जावई लाजला असे त्यांना वाटले. कमलबाईंनी हाताने सगळ्यांना गप्प केले. आणि कामिनीने, पायांशी बसल्या बसल्या, ओठ फारसे न हलवता, शाळेतल्या मुलाला सांगावा तसा पुढचा शब्द त्यांना हळूच सांगितला.